छत्रीवालीची दुसरी बाजू

गुरुवार, नोव्हेंबर १९७७चा तिसरा आठवडा. ठिकाण: लोणावळा, रेल्वे क्वार्टर, पुढची खोली. हजर: वसंतराव, तळेगावहून पहिल्या गाडीने आलेल्या त्यांच्या मोठ्या वहिनी, इंदूच्या शाळेतल्या दोन शिक्षिका, औंढ्याचे आबा, दुधाची किटली अजून हातातच असलेले, आणि मी. इंदूही तिथेच होती, पण तिला हजेरीत धरायचं की नाही हे मला त्या वेळी कळेना, आणि आजही कळलेलं नाही.

निरोप घेऊन वसंतरावांच्या सिग्नल केबिनमधला एक खलाशी आला होता. मी डबा भरत होते. वडगावच्या कचेरीत जायचं तर सकाळची गाडी चुकवून चालत नाही. तो दारात उभा राहून म्हणाला, ‘‘ताई, इंदूबाई गेल्या.’’ मी ‘‘बरं’’ म्हटलं, स्टो बंद केला, डब्याचं झाकण लावलं आणि मग तो डबा कुठे ठेवायचा ते सुचेना म्हणून तसाच बरोबर घेऊन निघाले. वाटेत मनात यादी तयार झाली. शाळेला कळवायचं, तिकोणा पेठेला तिच्या भावाला माणूस पाठवायचा, पांढरं कापड आणायचं, येणाऱ्यांना चहा लागेल म्हणून साखर पाहून ठेवायची. यादीतलं सगळं दुपारपर्यंत झालं. संध्याकाळी वंदना झाली, त्रिशरण पंचशील झालं, लोक पांगले, आणि मी तो डबा न उघडता परत घरी आणला. लोक म्हणाले, सुमनताई किती खंबीर. तसं काही नव्हतं. कामं समोर होती, ती मी करत होते… इतकंच.

या पुरवणीच्या वाचकांना इंदू माहीत असायचं कारण नाही. ती लोणावळ्यात प्राथमिक शाळेत शिकवत असे. माझी आणि तिची ओळख वडगावच्या शाळेतली. ती तिकोणा पेठेची, शिकण्यासाठी वडगावला मावशीकडे राहायला आलेली. छप्पन साली तिच्या घरच्यांनी धम्म स्वीकारला, त्या वर्षी आम्ही मॅट्रिकच्या वर्गात एका बाकावर होतो. गणिताची पायरी न् पायरी मी वहीत लिहीत असे, ती शेवटचं उत्तर लिहून मोकळी व्हायची आणि मधलं काय विचारलं की ‘‘मधलं मनात झालं’’ म्हणायची. मास्तर तिचे मार्क कापायचे. पुढे ती शिक्षिका झाली तेव्हा मी तिला विचारलं, तू मुलांचे कापतेस का? म्हणाली, ‘‘कापते. पण आधी विचारते मनात काय झालं ते.’’

तिचं लग्न रेल्वेतल्या केबिनमनशी, म्हणजे वसंतरावांशी झालं आणि मीही नवऱ्याच्या बदलीमुळे लोणावळ्यात आले. बदल्या संपल्या, माझे यजमानही पुढे वारले, मी राहिले ती तिथेच. रविवार मोकळा पडायचा. तो मोकळा रविवार इंदूच्या पुढच्या खोलीत भरायला लागला तो एका रेकॉर्ड प्लेअरमुळे. एका बंगल्यातलं कुटुंब कायमचं परदेशी निघालं होतं आणि सामान विकत होतं. वसंतराव खुर्च्या बघायला गेले आणि सुटकेससारखा एक प्लेअर आणि त्याबरोबर लाँगप्ले रेकॉर्डींचा गठ्ठा घेऊन आले. खुर्च्या राहिल्याच. आम्ही बरीच वर्षं सतरंजीवर बसलो ते त्यामुळे.

गठ्ठ्यात बहुतेक इंग्रजी रेकॉर्डी होत्या, त्या काळी तरुण पोरं ऐकत तशा. मग वसंतरावांनी पुण्याहून हिंदी सिनेमांच्या आणल्या, इंदूने भावगीतांच्या आणल्या, आबांसाठी एक गावाकडच्या गाण्यांची आणली. आबा औंढ्याहून सकाळी दूध घालायला येत, बाजारहाट करत आणि गावाकडे परतण्याआधी दुपारी इंदूकडे टेकत. टेकता टेकता ते आमच्या मंडळाचे चौथे सभासद झाले. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून ते वेष्टणावरच्या चित्रावरून रेकॉर्ड ओळखत, आणि हळूहळू आम्ही सगळेच तीच नावं वापरायला लागलो. एकीवर छत्री घेतलेली बाई होती, ती छत्रीवाली. एक नुसत्या निळ्या रंगाची, ती निळी. आबांच्या आवडत्या रेकॉर्डीवर मोठा पिवळा सूर्य काढलेला होता. आबा म्हणाले, ‘‘ही भाकरी.’’ झाली ती भाकरी. खरी नावं मी सुरुवातीला लिहून ठेवली होती, पण पुढे त्यांची गरजच पडली नाही.

सत्तर साल उलटून गेलं होतं. एका रविवारी वसंतराव सहज म्हणाले की आता पूर्वीसारख्या रेकॉर्डी निघत नाहीत. इंदू म्हणाली, ‘‘पूर्वीसारख्या म्हणजे कुठल्यासारख्या ते ठरवा आधी.’’ तिथून वादाला सुरुवात झाली. साठ ते सत्तर या काळातली सगळ्यात चांगली लाँगप्ले कुठली? एखादं गाणं नव्हे, अख्खी रेकॉर्ड. इंदूचा आग्रह असा की एका गाण्यासाठी बाकी दहा-अकरा पदरात घ्यायला लावणारी रेकॉर्ड म्हणजे एका हुशार पोरावर अख्खा वर्ग पास करण्यासारखं. तेव्हा नियम झाले. नियम मी लिहिले, पण ठरवले चौघांनी. रेकॉर्ड सुरू झाली की सुई मध्ये उचलायची नाही. दोन्ही बाजू पुऱ्या ऐकल्याशिवाय कुणी त्या रेकॉर्डीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. एका बाजूला दोन गाणी वाईट निघाली तर ती बाजू पडली असं धरायचं. दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंतचे नंबर बहुमताने, पण पहिला नंबर मात्र एकमताने. आणि रेकॉर्ड उलटायची ती इंदूनेच. हा शेवटचा नियम कुणी केला नव्हता, तो आपोआप झाला. ती दोन्ही तळव्यांत कडा धरून रेकॉर्ड उचलायची, उजेडाकडे तिरकी करून बघायची, पांढऱ्या मऊ फडक्याने गोल पुसायची आणि उलटून ठेवायची. तेवढा वेळ आम्ही तिघं गप्प बसायचो. खरं तर नियमाप्रमाणे गप्पच बसायचं असे, पण ते गप्प बसणं वेगळं होतं.

दोन ते दहा नंबर भरायला आम्हाला दोन पावसाळे लागले. पहिला कधीच भरला नाही. माझं मत निळीला होतं. निळीत एकही कच्चं गाणं नाही असं मी अजून म्हणेन. पण आबा ऐकायचे नाहीत. ‘‘दुसरी बाजू पडती ओ तुमच्या निळीची,’’ ते म्हणायचे. ‘‘पैल्या अंगाला दुभती गाय, दुसऱ्या अंगाला भाकड.’’

‘‘आणि तुमच्या भाकरीत काय आहे आबा?’’ इंदू विचारायची. ‘‘एकच ढोलकी. ती उलटूनपालटून वाजवलीय.’’

‘‘मंग? भाकरी उलटूनच भाजत्यात न्हवं, मास्तरीणबाई.’’

वसंतराव सगळ्यांचं ऐकून म्हणायचे, ‘‘दोघांचंही बरोबर आहे.’’ मग इंदू त्यांच्याकडे वळायची. ‘‘अहो, केबिनमध्येपण असंच करता का? दोन्ही गाड्यांना एकदम सिग्नल?’’ वसंतराव हसायचे आणि चहा टाकायला उठायचे. एकमत झालं नाही की चहा त्यांनी करायचा, हाही न लिहिलेला नियम.

इंदूचं मत छत्रीवालीला. बंगल्याच्या गठ्ठ्यातली ती, इंग्रजी, एका बाईने गायलेली. सगळे शब्द इंदूलाही कळायचे नाहीत. जे कळायचे ते ती आबांना मराठीत सांगायची आणि आबा मान डोलवायचे. पण तिचा सगळा मुद्दा शब्दांवर नव्हताच. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं आहे. त्यात शेवटच्या कडव्याआधी वाद्यं थांबतात, गाणारी बाई थांबते, श्वास घेते, तो श्वास ऐकू येतो, आणि मग ती पुढे गाते. इंदूचं म्हणणं असं की त्या थांबण्यासाठी ही रेकॉर्ड पहिली. मी म्हणायचे, गायलेल्या जागेला मार्क देता येतात, न गायलेल्या जागेला कसे द्यायचे? ती म्हणायची, ‘‘तू ऐक ना. बाकी सगळे गाणारे पुढच्या ओळीला पोचायला धावतात. हिला कुणी घाई करत नाहीये.’’

हे ती किती वेळा म्हणाली असेल. मी ते वादातला मुद्दा म्हणून लिहून घ्यायचे आणि पुढे जायचे. पण पंचाहत्तर सालापासून त्याला दुसरा अर्थ आला, तो तिने कधी बोलून दाखवला नाही. तिच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापाने खराब झालेली होती, ती आता त्रास द्यायला लागली होती. चालताना दम लागायचा. लोणावळा स्टेशनच्या पुलावर ती अर्ध्या पायऱ्यांवर थांबायची आणि कठड्यावरून खाली घाटासाठी जोडायची इंजिनं बघत राहायची. मी मागे थांबले की म्हणायची, ‘‘दमले नाहीये. बघतेय.’’ मी म्हणायचे, बघ. पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवणं सुरू झालं. गोळ्यांच्या वेळा मी एका पुठ्ठ्यावर लिहून तिच्या स्वयंपाकघरात टांगल्या. रविवार मात्र चालू होते.

एका गोष्टीवर आमचं पूर्ण एकमत होतं, ती म्हणजे रेडिओ. आमच्या रेकॉर्डींतली काही गाणी रेडिओवर लागायची आणि आम्हा चौघांनाही ती तिथे आवडायची नाहीत. रेडिओवाल्यांना वेळ भरायची असते, ते घाईने उरकतात असं आमचं ठाम मत होतं. आबा औंढ्याला चावडीवर ऐकून यायचे आणि तक्रार करायचे, ‘‘कालच्याला भाकरीतलं गानं लागलं हुतं. नुसती पळापळ. बाई बिचारी दमली असंल.’’ आम्ही माना डोलवायचो. एवढी वर्षं… एकालाही संशय आला नाही.

सत्त्याहत्तरच्या सप्टेंबरमधली गोष्ट. इंदू आणि वसंतराव दवाखान्यातून निघाले, गाडीला अवकाश होता, आणि रस्त्यावरच्या एका दुकानात मोठ्या यंत्रावर छत्रीवाली लागलेली होती. तिच्या ओळखीची, पण तिची नव्हे. ती दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. पहिली बाजू जवळजवळ पुरी ऐकली. दुसरी ऐकायला थांबता आलं नाही, गाडीची वेळ झाली. त्या रविवारी आम्ही जमल्यावर तिने प्लेअर लावूच दिला नाही. म्हणाली, ‘‘सुमन, एक तपासायचंय. आपलं यंत्र हळू चालतं.’’

आबा म्हणाले, ‘‘न्हाई हो. दुकानवाल्यानं जोरात सोडली असंल. गिऱ्हाईक यावं म्हनून.’’

मी तपासायची पद्धत सुचवली. रेकॉर्डीच्या कडेला कागदाचा एक पांढरा तुकडा चिकटवायचा आणि मिनिटात तो किती वेळा समोरून जातो ते मोजायचं. तेहेतीस आणि वर थोडं यायला हवं. वसंतरावांचं रेल्वेचं घड्याळ हातात घेतलं, आबांनी मोठ्याने मोजलं. एकतिसावर मिनिट संपलं. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. आबांनी तिसऱ्यांदा मोजायची तयारी दाखवली, तेव्हा इंदू म्हणाली, ‘‘पुरे आबा. तो तुकडा तुमच्यासाठी धावायचा नाही.’’

मग वसंतरावांनी यंत्राची खालची बाजू उघडली. आत एक छोटं रबरी चाक असतं, ते मोटरला आणि वरच्या तबकाला घासून तबक फिरवतं. ते चाक तेलाने चकचकत होतं. वसंतरावांनी चाकावरून बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘दर वर्षी पावसाच्या आधी मी तेल घालतो ना त्याला.’’ रेल्वेत जे फिरतं त्याला तेल घालायचं, हे त्यांच्या हाताला शिकवलेलं होतं. बंगल्यातून आणल्यापासून त्यांनी दर वर्षी, न चुकता, न सांगता, मायेने त्या चाकाला तेल पाजलं होतं. जे चाक घट्ट घासायला हवं ते तेलाने घसरत होतं, आणि आम्ही चौघं त्या घसरण्यावर बसून एका दशकाच्या गाण्यांचा निकाल लावत होतो.

आधी आबांना उमगलं. ‘‘म्हंजे,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘रेडिओवाले घाई करत न्हवते.’’

इंदू हसायला लागली. इतकी हसली की भिंतीला टेकून बसावं लागलं, आणि वसंतराव पाणी आणायला धावले. ते तिचं मी पाहिलेलं शेवटचं मोठं हसणं. दम परत आल्यावर ती गंभीर झाली आणि तिने विचारलं, ‘‘मग ती थांबते ते? ते तिचं आहे का आपल्या तेलाचं?’’

पुढचा सगळा रविवार त्यावर वाद झाला. आबांचं म्हणणं साधं होतं. ‘‘आपुन ऐकली ती आपली. एवढ्याशा फरकानं काय व्हतंय? गुळाची ढेप थोडी कमी भरली म्हनून काय कडू लागती व्हय?’’ वसंतराव अपराधी चेहऱ्याने म्हणाले, दोघांचंही बरोबर आहे. माझं मत यंत्र दुरुस्त करून सगळी यादी पहिल्यापासून करावी असं होतं. मला ते सोपं होतं. निळी कुठल्याही वेगात निळीच राहणार याची मला खात्री होती. इंदूचं तसं नव्हतं. मी तिला म्हटलं, तुझी छत्रीवाली दुरुस्तीनंतर कदाचित पहिल्या पाचातही राहणार नाही. ती म्हणाली, ‘‘न राहू दे. पण मला कळायला हवं. इतकी वर्षं मी तिच्या बाजूने भांडले, ती अशी आहे का नाही एवढं तरी.’’ ती आवाज चढवून बोलली नव्हती. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘व्हय व्हय. बदला ते चाक.’’ एकमत झालं. पहिल्या नंबरावर कधी झालं नाही, ते चाकावर झालं.

चाक मी पुण्याला नेलं. दुरुस्तीवाल्याने ते बोटांत फिरवलं आणि विचारलं, ‘‘ह्याला तेल कुणी पाजलं?’’ मी सांगितलं, रेल्वेने. त्याने मान हलवली. पुसून काम व्हायचं नाही, रबर सुजलंय, नवीन चाक मुंबईहून मागवावं लागेल, दिवाळीनंतर बघा, म्हणाला. मग दिवाळीपर्यंतचे रविवार आम्ही यंत्राशिवाय काढले. गाणी आठवून वाद घातले. ते विशेष जमलं नाही. आठवणीत प्रत्येक जण आपल्या वेगाने गात होता.

दिवाळी आली तोवर इंदू बहुतेक अंथरुणावर असायची. आडवं झालं की दम लागायचा म्हणून पाठीशी उशांचा ढीग लावून ती बसलेली असायची. तिच्या शेवटच्या रविवारी आबांनी साईचं दूध आणलं होतं, ते तिने दोन घोट घेतलं आणि वाटी माझ्याकडे दिली. आबा म्हणाले, ‘‘मास्तरीणबाई, आमच्या म्हशीचा अपमान हाय ह्यो.’’ ती म्हणाली, ‘‘म्हशीला सांगा, मी थांबलेय. संपवत नाहीये.’’ मग माझ्याकडे वळून चाकाचं काय झालं विचारलं. मी म्हटलं, या महिन्यात येईल. म्हणाली, ‘‘आलं की पहिली छत्रीवाली. आणि माझ्या आधी कुणी ऐकायची नाही. उलटायची मीच. समजलं?’’ मी म्हटलं, नोंदवलं. ‘‘नोंदवू नकोस,’’ ती म्हणाली, ‘‘लक्षात ठेव.’’

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना आटोपून घरी आले तर दाराच्या फटीत दुरुस्तीवाल्याचं पोस्टकार्ड. चाक आलं आहे. दुसऱ्या दिवशी कचेरीतून अर्धा दिवस रजा घेऊन मी ते आणलं. त्याने कागदात गुंडाळून देताना सांगितलं, तेल लावू नका. मी म्हटलं, नाही लावणार. परतीच्या गाडीत ते पुडकं मांडीवर होतं. मळवली गेल्यावर डोंगर जवळ आले, तेव्हा मला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. लोणावळा आलं आणि मी उतरले.

रविवार, डिसेंबर १९७७. हजर: वसंतराव, आबा, मी. वसंतरावांनी चाक बसवलं. हात पुन:पुन्हा पुसून बसवलं, तेलाचा थेंबही लागू नये म्हणून. कागदाचा तुकडा लावून मोजलं, तेहेतीस भरले. मग छत्रीवाली काढली. आम्ही तिच्या सांगण्याविरुद्ध करत होतो का, याचा विचार मी आदल्या रात्री केला होता. ‘माझ्या आधी’ असं ती म्हणाली होती. तिच्या आधी आता काही होणार नव्हतं, असं मी ठरवलं. बरोबर ठरवलं की चूक, माहीत नाही.

पहिली बाजू लागली. आवाज वर गेला होता, पातळ झाला होता, बाई तरुण झाली होती. आपल्या ओळखीची एक शांत, भारदस्त बाई एकदम कॉलेजातली मुलगी होऊन समोर आली तर जसं वाटेल, तसं. वाईट नव्हती. उलट गोड होती. चटपटीत. आबा मान खाली घालून ऐकत होते, वसंतराव भिंतीकडे बघत होते. मी ऐकत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाहीये हे मी टिपून ठेवत होते. शेवटचं गाणं संपलं. सुई आतल्या खाचेत जाऊन ठक्… ठक्… करायला लागली. ते आम्ही कधी फारसं ऐकलं नव्हतं. तोवर इंदू उठलेली असायची.

वसंतरावांनी सुई उचलली आणि बाजूच्या टेकूवर ठेवली. तबक फिरत राहिलं.

थोड्या वेळाने आबा म्हणाले, ‘‘फिरवा की कुनीतरी.’’

वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी पांढऱ्या फडक्याकडे पाहिलं. ते प्लेअरच्या झाकणात, तिने घडी करून ठेवलं होतं तिथेच होतं. उठणं अवघड नव्हतं. रेकॉर्ड उचलायची, उलटायची, ठेवायची. मी त्याहून कितीतरी कठीण कामं त्या महिन्यात केली होती. तिच्या साड्या वहिनींबरोबर बसून वाटल्या होत्या, पुस्तकं शाळेत पोचवली होती, फंडाचे कागद भरले होते, उरलेल्या गोळ्या दवाखान्यात परत केल्या होत्या, पुठ्ठ्यावरच्या वेळापत्रकाचा खिळा भिंतीतून उपटून भोक बुजवलं होतं. मी बसून राहिले. वसंतरावांनी बटण बंद केलं, तबक हळूहळू थांबलं, आणि ते म्हणाले, ‘‘चहा टाकतो.’’

त्यानंतरही आम्ही रविवारी जमतो. आबा किटली घेऊन येतात, वसंतराव चहा करतात. औंढ्यातल्या भाताचं बोलणं होतं, गाड्यांचं होतं, माझ्या कचेरीचं होतं. रेकॉर्डीबद्दल कुणी बोलत नाही. बोलताही येत नाही. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय एक शब्द काढायचा नाही, हा नियम चौघांनी मिळून केला होता आणि तो मोडायला चौघं लागतील. यादीतल्या पहिल्या नंबरासमोरची जागा कोरी आहे. शेवटच्या कडव्याआधी ती बाई खरोखर किती थांबते, तो श्वास तिचा की आमच्या तेलाचा, हे अजून आम्हाला माहीत नाही. ते कळायला फार वेळ लागणार नाही. यंत्र नीट आहे. चाक नवं आहे. झाकण उघडलं की छत्रीवाली तबकावरच आहे, पहिली बाजू वर करून, आणि बाजूला घडी केलेलं फडकं. उलटायची तेवढी राहिली आहे.